घरी परतल्यावर सांगता येतं का? : अद्भुतपट आणि समलिंगी प्रेमपट



या व्याख्यानमालेत आजवर आपण ज्ञान, कर्तव्य, इच्छास्वातंत्र्य असल्या विषयांवर बोललो. आज एकदम सिनेमा. त्यातही दोन प्रकार आम्ही एकाच ताटात वाढणार आहोत. एक, सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून पाहायचे अद्भुतपट, म्हणजे जादू, चेटकिणी, उडणारे ड्रॅगन वगैरे. आणि दुसरा, दोन पुरुषांच्या प्रेमाचे चित्रपट. यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. आमच्या घरात संबंध एवढाच, की पहिला प्रकार आम्ही संध्याकाळी नातवंडांबरोबर पाहतो आणि दुसरा रात्री ती झोपल्यावर. पण असे बरेच दिवस चालले की डोक्यात दोन्हींची सरमिसळ होऊ लागते. मग लक्षात येते, की हे दोन्ही प्रकार बऱ्याच अंतरापर्यंत एकच गोष्ट सांगत असतात, आणि शेवटाजवळ एका जागी त्यांची वाट फुटते. ती कुठे फुटते आणि का, एवढेच आज पाहायचे आहे.

आम्ही काही चित्रपट-समीक्षक नाही. कॅमेरा कुठे ठेवला, संकलन कसे केले, यातले आम्हांला फारसे कळत नाही. पाहताना जे जाणवले ते सांगतो. आणि एक सूचना: आज शेवट सांगितले जातील. आमचा मुद्दाच शेवटांमध्ये आहे, त्याला इलाज नाही.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करू, म्हणजे सवय मोडायला नको. 'काव्यशास्त्र' या आपल्या छोट्याशा ग्रंथात त्याने कवीला एक सल्ला दिला आहे. आशय असा, की घडू शकेल पण पटणार नाही अशी गोष्ट घेण्यापेक्षा, घडू शकणार नाही पण पटेल अशी गोष्ट घ्यावी. अद्भुतपट हा सल्ला तंतोतंत पाळतात. एक मुलगी बुटांच्या टाचा तीनदा एकमेकींवर आपटते आणि घरी पोचते. हे अशक्य आहे. पण पाहणाऱ्यांपैकी कुणी विचारतं का, की असं कसं होईल? पाच वर्षांचं पोर विचारत नाही आणि पंच्याहत्तरीचा म्हाताराही विचारत नाही.

आता दुसऱ्या प्रकाराकडे बघा. दोन पुरुष भेटतात, जवळ येतात, दुरावतात, पुन्हा भेटतात. यात अशक्य काय आहे? काहीच नाही. माणसांच्या जगात हे कायम घडत आलेले आहे. तरीही प्रेक्षकांत कुणीतरी म्हणतोच, 'हे जरा ओढूनताणून वाटतं.' म्हणजे काय झालं? अशक्य ते सहज पटलं आणि शक्य ते पटलं नाही. ॲरिस्टॉटलच्या त्या सल्ल्यात 'पटणे' हा शब्द म्हणूनच फार नाजूक आहे. पटणे म्हणजे कुणाला पटणे? लहानपणापासून जादूच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला जादू पटते. जे त्याला कुणी कधी सांगितलेच नाही, ते खरे असले तरी पटत नाही. पटणे हे पुष्कळदा तर्काचे काम नसते, सवयीचे असते.

एवढी तयारी पुरे. आता चित्रपटांकडे येऊ.

'द विझर्ड ऑफ ऑझ' हा १९३९ सालचा चित्रपट. कॅन्सस प्रांतातल्या एका शेतावर काका-काकूंबरोबर राहणारी डोरोथी वादळात उडून ऑझ नावाच्या देशात जाऊन पडते. कॅन्ससचा सगळा भाग तपकिरी, एकरंगी आहे. ती घराचे दार उघडते आणि पलीकडे रंगच रंग. आजच्या मुलांना रंगांचे कौतुक नसते, पण त्या दारापाशी तीसुद्धा क्षणभर गप्प होतात, हे आम्ही पाहिले आहे. ऑझमध्ये तिला तीन सोबती मिळतात: मेंदू नाही असे समजणारे बुजगावणे, हृदय नाही असे समजणारा पत्र्याचा माणूस आणि धैर्य नाही असे समजणारा सिंह. वाटेत कळते, की जे आपल्यात नाही असे प्रत्येकाला वाटत होते, ते त्याच्याजवळ होतेच.

शेवटी डोरोथी घरी परतते. अंथरुणात जागी होते. भोवती काकू, काका, शेतावरचे गडी जमलेले. ती त्यांना सांगू लागते, की मी एका देशात जाऊन आले, तुम्हीही तिथे होतात. त्यांना ते खरे वाटत नाही. वाईट स्वप्न पडले असेल, असे म्हणून ती मंडळी हसतात. पण त्या हसण्यात माया आहे. ती सांगत राहते, ते ऐकत राहतात, आणि चित्रपट संपतो. हा शेवट नीट लक्षात ठेवा: घरच्यांचा विश्वास बसलेला नाही, पण प्रेमात तसूभरही फरक पडलेला नाही. आम्हांला हे या जातीच्या चित्रपटांचे गुपित वाटते. मूल कितीही लांब जाऊन आले, कितीही बदलून आले, तरी घरी येऊन ते सांगता येते. सांगण्यात धोका नाही.

गंमत अशी, की लायमन फ्रँक बाऊम यांच्या १९०० सालच्या मूळ पुस्तकात ऑझ हे स्वप्न नाहीच, खराखुरा देश आहे. त्यांनी पुढे या मालिकेत आणखी पुस्तके लिहिली. १९१० सालच्या पुस्तकात तर शेतावरच्या कर्जाने गांजलेल्या काका-काकूंना घेऊन डोरोथी कायमची ऑझला राहायला जाते. म्हणजे पुस्तकाने घरच उचलून त्या देशात नेले. चित्रपटाने मात्र तो देश स्वप्नात गुंडाळला आणि मुलीला घरी आणून सोडले.

याच चित्रपटाचा आपल्या दुसऱ्या प्रकाराशी एक जुना धागा आहे. अमेरिकेत समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा होते त्या काळात अशी माणसे एकमेकांना परवलीच्या शब्दांत विचारीत, 'तू डोरोथीचा मित्र का?' बहुतेकजण याचा संबंध हीच डोरोथी आणि तिचे काम करणारी जुडी गार्लंड यांच्याशी जोडतात. का जोडावा, हे कळायला कठीण नाही. घर एकरंगी, रंग दुसरीकडेच कुठेतरी. आणि तिथे भेटणारे सोबती असे, की ज्यांच्यात काहीतरी कमी आहे असे सगळ्या जगाने, आणि त्यांनी स्वतःही, धरून चाललेले. मुलांसाठी केलेला चित्रपट होता. पण पाहणाऱ्यांत आणखी एक वर्ग होता, आणि त्याने त्यातून आपली गोष्ट उचलली.

दुसरे उदाहरण जपानचे. हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे', २००१. दहा वर्षांची चिहिरो आईवडिलांबरोबर नव्या घरी जाता जाता एका बोगद्यापलीकडे पोचते. तिथे देवांचे, भुताखेतांचे न्हाणीघर आहे. आईवडील खादाडपणापायी डुकरे होतात. न्हाणीघराची मालकीण युबाबा चिहिरोला कामावर ठेवते आणि पहिल्याच फटक्यात तिचे नाव काढून घेते. चिहिरोची 'सेन' होते. तिला मदत करणारा हाकू तिला बजावतो, की खरे नाव विसरलीस तर परत जाता येणार नाही. तो स्वतः आपले नाव विसरलेला आहे, म्हणून तिथे अडकला आहे. पुढे चिहिरोला एक लहानपणची आठवण येते आणि ती त्याला त्याचे नाव परत देते. तो एका नदीचा देव असतो, आणि ती नदी शहराने बुजवून टाकलेली असते.

शेवटी ती बोगद्यातून परतते. आईवडील पुन्हा माणसे झालेले, आणि त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. ते आपले 'चल लवकर' म्हणत पुढे चालतात. गाडीवर धूळ आणि पाला साचलेला आहे, एवढीच खूण. आम्हां मोठ्यांना हे गोड वाटते: मुलगी केवढे जग पाहून आली आणि आईबापांना पत्ता नाही! गोड वाटते, कारण आपण गृहीत धरलेले असते, की या मुलीला उद्या सांगावेसे वाटले तर सांगता येईल. ते गृहीत काढून टाका. मुलाने एक सबंध जग पाहिले आहे, तिथे त्याचे खरे नाव राहिले आहे, आणि घरी ते कधीच उच्चारता येणार नाही. आता सांगा, ही गोष्ट गोड उरते का?

इथे आपण दुसऱ्या प्रकारात शिरलो.

'ब्रोकबॅक माउंटन', दिग्दर्शक आंग ली, २००५. ॲनी प्रू यांच्या १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या कथेवरून केलेला. सालही सांगायला हवे: गोष्ट सुरू होते १९६३च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये. एनिस आणि जॅक हे दोन गरीब तरुण डोंगरावर मेंढ्या राखायला जातात, आणि तिथे एकमेकांचे होतात. आता जरा आधीच्या गोष्टींच्या शेजारी ठेवून बघा. एक दूरची जागा. तिथे खालचे कायदे चालत नाहीत. तिथे माणूस जसा आहे तसा राहू शकतो. एक ठरावीक मुदत, आणि मग खाली उतरणे. हा ऑझच आहे! या नावाचा डोंगर वायोमिंगमध्ये नाही, तो लेखिकेच्या कल्पनेतला आहे. चित्रीकरणही बहुतांशी कॅनडातल्या आल्बर्टामध्ये झाले. जादूचा देश नकाशावर सापडत नाही, हा नियम इथेही पाळला गेला म्हणायचा.

पण खाली उतरल्यावर वाट फुटते. दोघेही लग्न करतात, मुले होतात. चार वर्षांनी पुन्हा भेटतात, आणि मग वर्षानुवर्षे 'मासे धरायला जातो' असे घरी सांगून डोंगरात भेटत राहतात. एनिसची बायको आल्मा एकदा त्याच्या मासेमारीच्या सामानात गळाच्या दोरीला एक चिठ्ठी बांधून ठेवते. तो परत येतो तेव्हा चिठ्ठी जशीच्या तशी. दोरी पाण्याला लागलेलीच नाही. घरात एक माणूस सांगतो आहे, दुसऱ्याला खरे काय ते माहीत आहे, आणि वर्षे निघून जाताहेत. आल्माचेही आयुष्य त्यात जळते, हे हा चित्रपट लपवत नाही, आणि हे त्याचे मोठेपण आहे. खोटे बोलावे लागणाऱ्या माणसाच्या घरात तो एकटाच दुःखी नसतो.

आणि एनिस का सांगू शकत नाही? तो भित्रा आहे म्हणून? नाही. तो लहान असताना बापाने त्याला मुद्दाम नेऊन एका माणसाचे छिन्नविच्छिन्न प्रेत दाखवलेले आहे. तो माणूस दुसऱ्या पुरुषाबरोबर एकत्र राहत होता, म्हणून मारला गेलेला. म्हणजे भीती त्याला चेटकिणीने शिकवली नाही, बापाने शिकवली, घरातच. शेवटी जॅक गेल्यावर एनिसजवळ काय उरते? कपाटाच्या दारामागे एकात एक घातलेले दोन सदरे, आणि शेजारी डोंगराचे चित्र असलेले एक कार्ड. त्याचा सगळा ऑझ त्या कपाटात मावतो.

डोरोथीच्या घरच्यांना तिचे खरे वाटत नाही, पण प्रेम टिकते. एनिसची भीती नेमकी उलटी: घरच्यांना खरे वाटेल, आणि प्रेम टिकणार नाही. जी वाट फुटते म्हणून आम्ही म्हणालो, ती इथे.

यावर कुणी म्हणेल, मग या चित्रपटांत रडारडच असायची का? नाही. तसे न होऊ देण्याचा हट्ट एका लेखकाने फार पूर्वी धरला होता. ई. एम. फॉर्स्टर. मराठी माणसांना त्याची एक वेगळी ओळख असायला हरकत नाही: माळव्यातल्या देवास संस्थानच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खासगी सचिव म्हणून १९२१ साली तो काही महिने तिथे राहिला होता. या मुक्कामाच्या आधीच, १९१३-१४ साली, त्याने 'मॉरिस' ही कादंबरी लिहून ठेवली होती. दोन पुरुषांचे प्रेम, आणि शेवट सुखाचा. सुखाचाच हवा, असा त्याचा आग्रह होता. इंग्लंडमध्ये असे संबंध तेव्हा गुन्हा होते. तिथला कायदा १९६७ साली सैल झाला, तोही एकवीस वर्षांवरच्या पुरुषांसाठी आणि खासगीपुरता. फॉर्स्टर १९७० साली वारला आणि कादंबरी १९७१ साली छापली गेली. सुखाचा शेवट तब्बल अर्धे शतक कपाटात राहिला.

तिच्यावरचा चित्रपट १९८७ सालचा, दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, निर्माते आपल्या मुंबईत जन्मलेले इस्माईल मर्चंट. हे दोघे कामात भागीदार होते तसे आयुष्यातही होते. मर्चंट यांच्या हयातीत ही गोष्ट चारचौघांत बोलली गेली नाही. ती आयव्हरींनी नंतर मोकळेपणाने सांगितली.

चित्रपटाचा शेवट पाहा. मॉरिस सगळे सोडून तळ्याकाठच्या नावघरात जातो. तिथे ॲलेक, रानाची राखण करणारा नोकर, त्याची वाट पाहतो आहे. ते दोघे तिथून जगापासून दूर जाणार. आणि मॉरिसचा पहिला प्रियकर क्लाइव्ह, ज्याने रीतसर लग्न करून घर मांडले, तो त्याच रात्री आपल्या वाड्याच्या खिडक्या बंद करतो आहे. एका खिडकीपाशी तो थांबतो, आणि कॉलेजातला तरुण मॉरिस त्याला आठवतो. आम्हांला हे दृश्य फार बोलके वाटते. घरी परतला तो क्लाइव्ह. घर त्याने जपले. पण त्या घरात तो कुणालाच काही सांगू शकत नाही. आणि ज्यांनी घर सोडले, त्यांना खोटे बोलावे लागणार नाही. फॉर्स्टरने सुखाचा शेवट मिळवला, पण किंमत बघा: डोरोथीला परत पाठवता येते, मॉरिसला नाही. त्याला कायमचे रानातच राहावे लागते.

मग असा चित्रपट आहे का, ज्यात परतही येता येते आणि सांगताही येते? आहे. 'कॉल मी बाय युवर नेम', २०१७, दिग्दर्शक लुका ग्वादान्यिनो. पटकथा त्याच जेम्स आयव्हरींची. तिच्यासाठी त्यांना २०१८ साली, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, ऑस्कर मिळाले. १९८३चा उन्हाळा, उत्तर इटलीतले एक घर, सतरा वर्षांचा एलिओ आणि पाहुणा म्हणून आलेला ऑलिव्हर. हे दोघे एकमेकांना स्वतःच्या नावाने हाक मारतात. न्हाणीघरात नाव काढून घेतले जात होते, इथे नाव देऊन टाकले जाते. उन्हाळा संपतो, ऑलिव्हर जातो. घरी आलेल्या मुलाशी वडील बोलतात. मला सगळे माहीत आहे, असे उघड न म्हणता ते मुलाला समजावून देतात, की हे दुःख तू मारून टाकू नकोस. प्रेम टिकले का? नाही. ऑलिव्हर पुढे दुसरीकडे लग्न ठरवतो. पण घर टिकले. शेकोटीपुढे बसून एलिओ रडतो, आणि मागे घरची माणसे जेवणाची तयारी करताहेत. तो त्याच घरात रडू शकतो, हे केवढे!

कुणी म्हणेल, हे शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या प्राध्यापकाचे घर, त्यांना काय जाते. खरे आहे. सगळ्यांच्या वाट्याला तसले घर येत नाही. पण वडिलांनी त्या प्रसंगात जे केले त्याला पैसा लागत नाही. सोफ्यावर मुलाशेजारी बसावे लागते, एवढेच.

आता हे सगळे आमच्या डोक्यात का घोळते आहे, ते सांगतो. आमचा एक जुना विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेला, एकदा बोलता बोलता म्हणाला, 'सर, आमच्याकडे रात्री सगळे एकत्र टीव्ही बघायचे. पडद्यावर असलं काही आलं, की बाबांचा हात रिमोटकडे जायचा. मी पडद्याकडे बघायचंच सोडून दिलं. मी बाबांच्या हाताकडे बघायचो.' त्याचे वडील वाईट गृहस्थ नव्हते. मुलांच्या डोळ्यांआड काही गोष्टी ठेवाव्यात, एवढाच त्यांचा हेतू असणार. पण त्या हाताने एक गोष्ट मुलाला पक्की कळवली: हे इथे सांगता येणार नाही. त्याने वडिलांना सांगितले नाही. वडील गेले, ते न कळताच गेले.

आपण 'कुटुंबासोबत पाहण्यासारखा चित्रपट' असं सहज म्हणतो. कुटुंब म्हणजे कोण कोण? त्यात तो मुलगा धरला आहे की नाही? तो तर तिथेच बसला आहे, सतरंजीवर, सगळ्यांच्या मधोमध. त्याच्यापासून ते दृश्य लपवून कुणाचे रक्षण झाले? हा आमच्या आजच्या बोलण्यातला खरा प्रश्न आहे, आणि तो केवळ चित्रपटांचा नाही. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. २०२३ साली त्याच न्यायालयाने विवाहाची मान्यता मात्र कायदेमंडळावर सोपवली. कायदा जिथवर यायचा तिथवर येईल. पण रिमोटवरचा हात कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नाही.

अलीकडे हे दोन्ही प्रकार एकाच चित्रपटात भेटू लागले आहेत. २०२३चा 'निमोना' हा त्याचा चांगला नमुना. ॲनिमेशनपट आहे. जुन्या सरदारांचे युग आणि भविष्यातली यंत्रे यांची भेळ केलेले एक राज्य, राक्षसांच्या भीतीने भोवती बांधलेली प्रचंड भिंत. बॅलिस्टर हा सामान्य घरातून वर आलेला योद्धा, राणीच्या खुनाचा खोटा आळ त्याच्यावर येतो, आणि त्याचा प्रियकर ॲम्ब्रोशियस, राज्याचा लाडका सरदार, गडबडीत त्याचाच हात तोडून बसतो. मग हवे ते रूप घेणारी निमोना बॅलिस्टरला येऊन मिळते. यांत दोन पुरुषांचे प्रेम आहे, आणि त्याचे कुठेही स्पष्टीकरण नाही. असते तसे ते असते. हा चित्रपट आम्ही संध्याकाळी, नातवंडांबरोबरच पाहिला. त्या दोघांबद्दल एकही प्रश्न आला नाही. एकच प्रश्न आला, की निमोना गेंडा होते तेव्हा तिचे कपडे कुठे जातात? याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

शेवटी भिंतीला भगदाड पडते आणि पलीकडे दिसतात ते राक्षस नाहीत, डोंगर आणि मोकळे आकाश. ऑझमध्ये दुसरा देश स्वप्न ठरवला गेला, 'मॉरिस'मध्ये माणसांना तिकडे निघून जावे लागले, आणि इथे मधली भिंतच पडते. या चित्रपटालाही सहज जन्म मिळाला नाही. तो ज्या स्टुडिओत तयार होत होता तो २०२१ साली बंद केला गेला, आणि दुसऱ्यांनी तो पुढे नेला.

आणि शेवटचे उदाहरण घरचेच. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं'. २०२५च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात ज्युरीचे सर्वोच्च पारितोषिक मिळालेला मराठी चित्रपट. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या विधींसाठी गावी येतो. तिथे लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. नातेवाइकांचा लग्नाचा लकडा चालूच आहे. आनंदच्या आईला मात्र मुलाचे सगळे माहीत आहे.

आमच्या मते इथे एक मोठी गोष्ट घडली आहे. डोंगर नाही, इटलीतले घर नाही, बोगदा नाही. आहे ते सुतकाचे घर. दहा दिवस रोजचे व्यवहार थांबलेले, काय खावे, काय घालावे याचे वेगळे नियम. ज्यांनी सुतक पाळले आहे त्यांना ठाऊक असेल, की त्या दिवसांत घर थोडे जगाबाहेर गेलेले असते. म्हणजे तो दुसरा देश इथे घराच्या आतच उघडला आहे. प्रेम जमते तेही दुःखाच्या घरात, आत्या-मावश्यांच्या कलकलाटात, चुलीच्या धुराजवळ. आणि साबरबोंड, म्हणजे निवडुंगाचे फळ, ज्यांनी गावाकडे खाल्ले असेल त्यांना नावाचे प्रयोजन सांगायला नको. आत लालभडक आणि गोड, पण वरची बारीक कुसे आधी कुणीतरी निगुतीने काढावी लागतात.

एका शंकेचे उत्तर देऊन थांबतो. समलिंगी प्रेमाला अद्भुताशेजारी बसवून तुम्ही त्याला खोटे ठरवता का, असे कुणी विचारेल. उलट आहे. या चित्रपटांतले प्रेम अगदी साधे, रोजचे आहे. मेंढ्या राखणे, पत्र लिहिणे, फळ सोलून देणे. त्यात अद्भुत काही नाही. आपल्या नाट्यशास्त्रात भरताने म्हटले आहे, की नाटकाच्या शेवटच्या संधीत अद्भुत रस असावा, प्रेक्षकाला विस्मय वाटावा. अद्भुतपटांत जादू दूरच्या देशात असते आणि घर नेहमीचे असते. समलिंगी प्रेमपटांत प्रेम नेहमीचे असते, आणि विस्मय वाटतो तो घरातल्या कुणाच्यातरी वागण्याने. एलिओचे वडील, आनंदची आई. त्यांनी काय केले? मुलाचे खरे ऐकले आणि आधी होते तसेच त्याचे आईवडील राहिले. आज या गोष्टीचा विस्मय वाटतो. डोरोथीच्या काकूंचा मात्र कुणाला वाटत नाही. ती माया आपण धरूनच चालतो. तसेच हेही धरून चालता येईल, तेव्हा हे चित्रपट नातवंडे झोपायची वाट न पाहता लावता येतील.

तोवर एक छोटी गोष्ट आपल्या हातात आहे. पुढच्या वेळी सगळे एकत्र बसला असताना पडद्यावर असे दोघे आले, तर रिमोट टेबलावर राहू द्या. आणि पोराने विचारलेच, की हे दोघे एकमेकांचे कोण, तर राजकन्या आणि राजपुत्राबद्दल ज्या आवाजात सांगता त्याच आवाजात सांगा, की यांचं एकमेकांवर प्रेम आहे. तिथे बसलेल्यांपैकी नेमके कोण कान देऊन ऐकते आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

 प्रश्न असतील तर घेऊ या.